घणसोलीत खाडीलगतच्या आवारात कोणती देशी झाडे तग धरतील?

घणसोलीकर_सचिव

नमस्कार. घणसोलीत खाडीच्या बाजूला असलेली आमची सोसायटी विकासकाकडून ताब्यात येऊन तीन वर्षे झाली. आवारातील झाडांची जबाबदारी सध्या माझ्याकडे आहे आणि त्याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. आवाराचे ढोबळमानाने तीन भाग पडतात: पश्चिमेच्या कुंपणालगतची सुमारे सहा मीटर रुंदीची जमिनीवरची पट्टी, जिच्या पलीकडे रस्ता आणि त्यापुढे कांदळवन आहे, पार्किंगच्या छतावरचे पोडियम, आणि प्रवेशद्वारापासून इमारतींकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडा.

गेल्या दोन पावसाळ्यांत आम्ही बहावा, ताम्हण, बकुळ आणि सीता अशोक अशी एकूण चाळीस रोपे लावली. कोडे असे आहे, की जूनमध्ये लावलेले रोप दिवाळीपर्यंत उत्तम वाढते, नवी पालवी धरते, आणि फेब्रुवारीनंतर त्याच्या पानांच्या कडा करपू लागतात. एप्रिल संपेपर्यंत रोप वाळून जाते. माळी दररोज पाणी घालतो, शेणखतही दिलेले आहे. आज चाळीसपैकी अकरा रोपे उरली आहेत आणि ती सगळी प्रवेशद्वाराच्या बाजूची आहेत.

याउलट विकासकाने पश्चिमेच्या कुंपणाला लावलेले कोनोकार्पस मात्र जोमात आहे. त्यामुळे येत्या सर्वसाधारण सभेत देशी झाडांचा हट्ट सोडून सगळीकडे तेच लावावे, असा ठराव मांडला जाणार आहे. मला तो मान्य नाही, परंतु केवळ देशी या शब्दाच्या जोरावर मी सभासदांना विरोध करू शकत नाही. पश्चिमेच्या पट्टीत खरोखर जगेल असे काय लावावे?

खाजणातली_माती

सचिव महोदय, मी उद्यान पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षे नवी मुंबईच्या मातीत काम करून निवृत्त झालो आहे. पानांच्या कडा करपणे, तेही पावसाळ्यात नव्हे तर फेब्रुवारीनंतर, ही क्षारांची खूण आहे. आपण ज्या पट्टीबद्दल लिहिले आहे ती जागा वसाहत होण्यापूर्वी बहुधा खाजण, म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्याखाली येणारी दलदलीची जमीन, असावी. त्यावर भराव पडला, भरावावर लाल माती पसरली गेली आणि तिलाच आपण जमीन म्हणतो. पण खालची चिकणमाती आणि तिच्यातले खारे पाणी जिथल्या तिथे आहे. पावसाळ्यात आपल्याकडे साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्याने वरच्या थरातले मीठ धुऊन खाली जाते आणि रोपाला चार महिने गोडी माती मिळते. पाऊस थांबला की ऊन वरचा ओलावा ओढून घेते, खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते, पाणी उडून जाते आणि मीठ मुळांपाशी साचत राहते. एप्रिल-मे महिन्यांत पट्टीतल्या उघड्या मातीवर पांढुरकी पापुद्र्यासारखी साय दिसते का, हे अवश्य पाहावे. बोटाने खरवडून जिभेला लावली तर खारट लागते.

या भागातल्या जुन्या शेतकऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. खारजमिनीत भात घेणारा आगरी शेतकरी पहिल्या पावसांनी मीठ धुऊन जाऊ द्यायचा आणि मगच रहू टाकायचा, म्हणजे मोड आणलेले बी फेकायचा. भाताला ते पुरते, कारण त्याचे आयुष्यच पावसाळ्याचे. झाडाला मात्र त्याच जागी मे महिनाही काढायचा असतो.

म्हणून झाडांची यादी करण्यापूर्वी दोन खड्डे खणून घ्यावेत, एक पश्चिमेच्या पट्टीत आणि एक प्रवेशद्वाराशी, प्रत्येकी मीटरभर खोल. कोणत्या खोलीला काय लागते ते लिहून ठेवावे. मग खड्डा पाण्याने भरून ते किती वेळात जिरते ते पाहावे. तीस सेंटिमीटर आणि साठ सेंटिमीटर खोलीवरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत घालून माती परीक्षणासाठी द्यावी आणि विद्युत वाहकता तपासायला सांगावे; मातीत क्षार किती आहेत ते तिच्यावरून कळते. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) वाहकता मीटरला ४ डेसिसायमनपेक्षा अधिक आली, तर ती जमीन क्षारयुक्त धरली जाते.

दुसरे असे, की बागेला सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी देत असाल, तर त्यातल्या क्षारांचे प्रमाणही तपासून घ्यावे. आणि दररोज थोडे थोडे पाणी शिंपडणे कृपया थांबवावे. त्याने वरची दोन बोटे माती भिजते, संध्याकाळपर्यंत सुकते आणि आपले मीठ तिथेच सोडते. आठवड्यातून दोनदा आळे तुडुंब भरेल असे पाणी द्यावे, म्हणजे ते मुळांच्या खाली उतरेल.

ठाण्याची_वनस्पतिशिक्षिका

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मला देशी या शब्दाबद्दल लिहायचे आहे, कारण सर्वसाधारण सभेत वाद त्याच शब्दावरून होणार आहे.

देशी हा झाडांचा एक गट नाही. सीता अशोक आपला आहे, पण तो सह्याद्रीच्या ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा आहे. त्याला खाडीच्या वाऱ्यात, भरावावर, उघड्या उन्हात लावले तर तो जाणारच. ताम्हण आपल्या राज्याचे फूल आहे आणि त्याला ओल आवडते, परंतु ती गोड्या पाण्याची ओल. आपण निवडलेल्या चारांपैकी बकुळीला खारा वारा बऱ्यापैकी सोसतो, मात्र मुळाशी मीठ साचले तर तीही खुरटते.

आता कोनोकार्पसकडे पाहा. ते परदेशी असल्यामुळे काटक आहे, असे सभासदांना वाटत असेल, तर ते बरोबर नाही. ते अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यांवर खारफुटीच्या मागच्या पट्ट्यात वाढणारे झाड आहे. म्हणजे त्याला घणसोलीत आपल्या मूळ घरासारखीच जमीन मिळाली आहे. मग प्रश्न असा विचारायला हवा, की आपल्या किनाऱ्यावर खारफुटीच्या मागे काय वाढते? कोकणाच्या खाड्या पाहिलेल्या माणसाला हे उत्तर ठाऊक असते: उंडी, भेंड, करंज आणि समुद्रफळ. ही चारही झाडे आपल्या पट्टीसाठी योग्य आहेत.

उंडी सदाहरित, जाड चकचकीत पानांची आणि वाऱ्याला न झुकणारी आहे. तिच्या बियांचे तेल कोकणात दिव्याला आणि होड्यांना वापरत असत. ती सावकाश वाढते, हे मात्र सभासदांना आधीच सांगावे. भेंडीच्या भाजीचा याच्याशी गोंधळ नको, मी पारोसा भेंडाबद्दल बोलते आहे: पिंपळासारखे पान, सकाळी उमलते तेव्हा पिवळे आणि मावळेपर्यंत लालसर होणारे फूल. त्याची मनगटाएवढी फांदीसुद्धा पावसाळ्यात रोवली तर फुटते. समुद्रफळाच्या पायथ्याशी पाणी साचले तरी चालते, किंबहुना जिथे साचते तिथेच ते लावावे. त्याची फुले रात्री उमलतात आणि सकाळी जमिनीवर लाल सडा पडलेला असतो. करंज सर्वांत लवकर सावली देतो. त्याच्या पानांवर गाठी येतात आणि सभासद रोग पडला म्हणून औषध मारायला सांगतात. त्या गाठी सूक्ष्म कोळ्यांमुळे येतात आणि झाडाला त्याने विशेष अपाय होत नाही, त्यामुळे औषध मारू नये. हीच गोष्ट बहाव्याची. त्याच्या पानांवरच्या अळ्या पिवळ्या फुलपाखरांच्या असतात आणि झाड पुन्हा पालवते.

कोनोकार्पसच्या ठरावाला उत्तर देताना आणखी दोन गोष्टी सांगता येतील. त्याची मुळे पाण्याच्या शोधात नाल्यांत आणि जलवाहिन्यांत शिरतात, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तरीही जे आज उभे आहे ते घाईने तोडू नये, असे माझे मत आहे. एक तर १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. दुसरे म्हणजे लहान उंडीला पहिली काही वर्षे वाऱ्याचा आडोसा लागतोच, तो या कुंपणाकडून घ्यावा.

रोपवाटिकेत नावांची खातरजमा करावी. नुसता अशोक मागितला तर उंच, सरळसोट आसुपालव हातात देतात. त्याचा सीता अशोकाशी संबंध नाही.

खारघरची_टेकडी

आमची सोसायटी खारघरला टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि आमची अडचण आपल्या नेमकी उलट होती. कुदळ मारली की मुरूम, पाणी घातले की गायब. तिथे पळस, आपटा, बहावा आणि शिवण ही झाडे लागली, आणि उतारावर धायटी व मुरुडशेंग लावल्यामुळे माती धरून राहिली. आपल्या प्रवेशद्वाराकडचा भराव मुरुमाचा असेल तर आपटा आणि बहावा तिथे नक्की लावावेत. आपटा लहानसाच राहतो, विजेच्या तारांपर्यंत जात नाही.

पोडियमबद्दल आमच्या चुकीवरून सांगतो. आम्ही तिथे उत्साहाने कदंब लावले. ओली माती घनमीटरला सुमारे पावणेदोन टन भरते, याचा विचार कोणी केला नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्यावर ते सगळे काढून दुसरीकडे न्यावे लागले आणि त्यातले एकच जगले. आता तिथे दीड-दोन फूट मातीत पारिजातक, कुंद, तगर, अबोली, कोरांटी आणि अडुळसा आहे, शिवाय कढीपत्ता आणि लिंबू. लिंबावर आपले राज्य फुलपाखरू नीलवंत अंडी घालते, हे मुलांना दाखवता येते. हिरवळीसाठी मऊ परदेशी गवताऐवजी हरळी लावली; तिला पाणी कमी लागते आणि मुलांच्या खेळण्याने ती मरत नाही. अग्निशमन गाडीच्या मार्गात एकही कुंडी ठेवू नका.

घणसोलीकर_सचिव

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन्ही खड्डे खणले. पश्चिमेच्या पट्टीत वर एक फूट लाल माती, त्याखाली जवळपास दोन फूट राडारोडा (त्यात सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे आणि एक अख्खी प्लास्टिकची गोणी निघाली), आणि त्याखाली करडी-काळी, कुजकट वासाची चिकणमाती. संध्याकाळी भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्याहून अधिक तसेच होते. प्रवेशद्वाराशी मात्र मुरूम आहे आणि पाणी दोन तासांत जिरले. मातीची वाहकता पट्टीत साठ सेंटिमीटरवर ६.४ आली, प्रवेशद्वाराशी १ च्याही खाली. अकरा रोपे त्याच बाजूला का उरली, हे आता समजले.

माझी शंका अशी, की पट्टीतला सगळा भराव काढून नवी माती भरावी का? एका कंत्राटदाराने तसा सल्ला दिला आहे आणि खर्च मोठा आहे.

खाजणातली_माती

भराव काढू नये. खाली जितके जाल तितके खाऱ्या पाण्याच्या जवळ जाल, आणि चिकणमातीत खणलेला खोल खड्डा पावसाळ्यात हौद होतो. त्यात घातलेली उत्तम मातीसुद्धा दोन उन्हाळ्यांत खारी होईल.

खाली जाण्याऐवजी वर यावे. सिमेंटचे मोठे गोळे आणि प्लास्टिक तेवढे वेचून काढावे आणि पट्टीच्या लांबीने दोन-अडीच फूट उंचीचा, माथ्याला किमान दोन मीटर रुंद असा सलग वरंबा घालावा. तो कुंपणाच्या भिंतीला टेकवू नये; दोन्ही बाजूंना उथळ चर ठेवून त्यांचा उतार पावसाळी गटाराकडे काढावा, म्हणजे धुतलेले मीठ वाहून जाईल. वरंब्यासाठी मुरूममिश्रित लाल माती आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा पाल्याचे खत घ्यावे. माती कोठून येते ते स्वतः जाऊन पाहावे, कारण दुसऱ्या एखाद्या खाडीकाठच्या खोदकामातली माती स्वस्तात मिळते आणि ती आपल्याच मातीसारखी खारी असते. कांदळवनाच्या दिशेला एक पाटीही माती किंवा बागेचा कचरा जाऊ देऊ नये. त्या क्षेत्राला आणि त्याभोवतीच्या पन्नास मीटरांच्या पट्ट्याला न्यायालयाच्या आदेशाने संरक्षण आहे. आपली पट्टी त्या अंतरात येत असेल, तर माती आणण्यापूर्वीच महापालिकेकडे विचारणा करावी.

पहिला जोरदार पाऊस वरंब्यावर तसाच पडू द्यावा आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात रोपे लावावीत. माथ्यावर उंडी आणि भेंड आलटून पालटून, पाच-सहा मीटरांवर. इमारतीकडच्या उतारावर करंज, तोही विरळ. चराच्या तोंडाशी, जिथे पाणी रेंगाळते तिथे दोन-तीन समुद्रफळे. मधल्या जागेत निर्गुडी आणि करवंद भरावे. दोन्ही छाटणी सोसतात आणि करवंदाच्या काट्यांमुळे वेगळे कुंपण लागत नाही. पंधरा फुटी झाडांचा मोह टाळावा. तीन-चार फुटांचे रोप भरावाशी लवकर जुळवून घेते. खरेदीच्या वेळी प्रत्येक दहातल्या एका रोपाची पिशवी फाडून मुळे पाहावीत. ती पिशवीच्या तळाशी गोल गोल वळली असतील तर ती खेप परत करावी, कारण अशी झाडे मोठी झाली तरी नीट रुजत नाहीत. १७ मे २०२१ च्या तौक्ते वादळात पडलेली झाडे पाहताना बुंध्यापर्यंत काँक्रीट आणि गोल वळलेली मुळे या दोनच गोष्टी मला पुन्हा पुन्हा दिसल्या.

बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवावी, तिथे पेव्हर ब्लॉक बसवू देऊ नयेत. ऑक्टोबर लागताच वरंब्यावर चार बोटे जाडीचा पालापाचोळा अंथरावा, बुंध्याला मात्र तो चिकटू देऊ नये. आवारात गोळा होणारा पाला आज कचऱ्याच्या गाडीत जात असेल, तो थांबवावा. क्षार वर चढण्यापासून रोखणारे याहून स्वस्त साधन मला माहीत नाही. मे महिन्यात वरंब्याच्या माथ्यावरची माती पुन्हा एकदा तपासायला द्यावी आणि वाहकता किती आली ते येथे कळवावे. ४ च्या खाली असेल तर पुढच्या पावसाळ्यात याच वरंब्यावर दोन बकुळी लावून पाहता येतील.