मदत हवी आहे : चेक स्काउट चळवळीचे पुनरुज्जीवन

सप्रेम नमस्कार. आमच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी मी 'युनाक' या चेक स्काउट संघटनेवर लेख लिहीत आहे. तिचे संस्थापक आंतोनिन स्वोयसीक यांनी १९१२ साली पहिले शिबिर भरवले. पुढे नाझींनी १९४० मध्ये, १९४८च्या सत्तांतरानंतर कम्युनिस्टांनी आणि १९६८मधील अल्पकाळच्या मोकळिकीनंतर १९७० मध्ये पुन्हा त्यांनीच ही संघटना मोडीत काढली. तरीही १९८९च्या अखेरीस राजवट कोसळताच ती पुन्हा उभी राहिली.

मला खरे कुतूहल आहे ते मधल्या एकोणीस वर्षांचे. कित्येक पथके पर्यटन मंडळांच्या, निसर्गसंरक्षण गटांच्या, एवढेच नव्हे तर 'पायोनियर' या कम्युनिस्ट राजवटीच्या सरकारी बालसंघटनेच्याही आडोशाने चालूच राहिली. म्हणजे वरून गळ्यात पायोनियरांचा लाल रुमाल आणि आत गाठी मारणे, माग काढणे, शेकोटी हे सारे जुनेच. (त्यांच्या बिल्ल्यावर कमळासारख्या स्काउट फुलावर 'खोड' या चेक सीमाप्रांतातल्या राखणदार कुत्र्याचे डोके असते. मला ते फारच समर्पक वाटते.)

प्राग किंवा ब्रनो येथे राहणाऱ्या अथवा चेक भाषा जाणणाऱ्या सदस्यांनी कृपया सांगावे : त्या काळातील पथकनायकांच्या छापील आठवणी कोणत्या ग्रंथालयात वाचायला मिळतील? तसेच, १९८९ नंतर पायोनियरांतून आलेल्या नायकांना जुन्या स्काउटांनी कितपत सामावून घेतले, याविषयी तेथील कोणा ज्येष्ठाकडून काही ऐकले असल्यास तेही अवश्य कळवावे.