मदत हवी आहे: आई दोडामार्गहून आली, गुडघ्यामागे गोचीड निघाली

काजूबोंडू:
काजूचा हंगाम उरकून आई गुरुवारी रात्रीच्या बसने लालबागला यायला निघाली. शुक्रवारी आंघोळीनंतर म्हणाली, गुडघ्यामागे काहीतरी टोचतंय. बघते तर तिळाएवढी गोचीड, घट्ट चिकटलेली. भुवया कोरायच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढली. आज सोमवार. ताप नाही, डोकं दुखत नाही. आईचं एकच, "माका कायएक जावचा नाय, तू उगाच घोर लावन घेव नको."

घोर लागणारच. २०१६ मध्ये आमच्या तालुक्यात माकडतापाची, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या क्यासनूर जंगल तापाची, साथ आली होती. आणि काल बोलता बोलता आई म्हणाली, बागेच्या वरच्या अंगाला माकड मरून पडलं होतं.

खालच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते माकडताप म्हणजे मंकीपॉक्सच समजले! ताप आला तर डेंग्यू-मलेरिया तपासू म्हणाले. घरच्या ग्रुपवर दिराने काँगो तापाचा जुना मेसेज टाकला, जाऊबाईंनी रविवारचं मटणच बंद केलं.

किती दिवस लक्ष ठेवू? ताप आलाच तर नमुना कुठे जातो? गावी भाऊ गाई रानात सोडतो, त्यांनाही होतो का? आणि मटणाचंही सांगा, सासरे रुसलेत.

परळचा_पशुवैद्य:
ताई, गोचीड काढलीत ती रीत बरोबर. तेल ओतत, चटके देत बसला नाहीत हे बरं. पुढेही नखावर चिरडू नका.

चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत ताप येतो. शुक्रवारपासून मोजा, येत्या शनिवारपर्यंत लक्ष ठेवा. एकदम थंडी वाजून ताप, कपाळ ठणकणं, अंग मोडून येणं. तसं झालं तर थेट मोठं रुग्णालय गाठा आणि आधी दोडामार्ग नि मेलेलं माकड सांगा, मग बाकीचं. विषाणू डेंग्यूच्याच कुळातला, प्लेटलेटही तशाच घसरतात, त्यामुळे शहरात गफलत सहज होते. नमुना डॉक्टरांमार्फतच जातो, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासणी होते. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा पुण्याच्या याच संस्थेने हा विषाणू शोधला. खास औषध नाही, पण वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक जण बरे होतात. माणसाकडून माणसाला लागत नाही, आईला वेगळी खोली नको.

गाई आजारी पडत नाहीत, पण गोचिडी त्यांच्यावर पोसतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच खाली उतरतात, म्हणून भावाला सांगा, गुरं तिकडे नको. हात न लावता वनखात्याला कळवू दे.

काँगो ताप निराळा. विषाणू दुसरा, गोचीडही हायलोमा जातीची. २०११ मध्ये अहमदाबादजवळ रुग्ण सापडले, त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनाही लागण झाली. जनावर वरून ठणठणीत दिसतं, धोका कापताना ताज्या रक्ताचा. नीट शिजलेल्या मटणाने होत नाही.

काजूबोंडू:
आभार दादा. शनिवारपर्यंत दोन वेळा थर्मामीटर. भावाला फोन केला, तो विचारतो माकड नेमकं कुठल्या झाडाखाली? आई आता आठवायला बसलीय. सासरे पिशवी घेऊन खाली गेलेसुद्धा.