टिळकांना सत्य सापडलं म्हणे, मग लक्ष्मीबाईंचं काय?

उनाडपारवा: परवा लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे पुन्हा वाचायला घेतलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघालेले, ट्रेनमध्ये एक गोरा माणूस भेटतो, बायबलातला नवा करार हातात देतो, त्यातलं येशूचं गिरिप्रवचन वाचून आपला कवी पार विरघळतो आणि फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. छान. पण इकडे लक्ष्मीबाई, कडक सोवळ्यातली बाई, पदरात लहानगा दत्तू, रडून रडून वेड लागायची वेळ. ज्या सत्याचं बिल बायकोने भरायचं ते कसलं सत्य? हा जीवनाचा अर्थ की नुसती हौस?

नगरी_मिसळ: हौस?? जरा दमानं घ्या की. जातपात, कर्मकांड यावरून त्यांचं आधीपासूनच बिनसलेलं, स्वतःच नवा धर्म काढायचं डोक्यात होतं. आणि ख्रिस्ती झाले म्हणून मराठीपण सोडलं का, तर तेही नाही, तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचे. आमच्याकडे आजीची उपासना संगीताची, म्हणजे चर्चमधल्या गीतांच्या पुस्तकाची, प्रत आहे, पुठ्ठा कधीच गेला, वर जुन्या लुगड्याचं कव्हर शिवलंय आणि टिळकांच्या भजनांची पानं तेवढी बोटं लागून लागून काळी पडलीत. आजीला वाचता येत नव्हतं बरं का, पण पान बरोबर उघडायची.

कायच्याकाय: आजीबद्दल आदर आहेच. पण टिळक सोडा, दुष्काळात मिशनच्या दारात गेलेल्या लोकांचं बोला, त्यात सत्य किती आणि भाकरी किती? आणि एवढं करून जात गेली का? लग्न जमवताना "मूळचे कोण" विचारतातच. वर राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, म्हणजे गावात जात आहे तशीच, कागदावर तेवढी गेली.

नगरी_मिसळ: लग्नाचं खरंय, माझ्याच मावशीने माझ्या वेळी विचारलेलं, लाज वाटली होती. भाकरीचं म्हणाल तर आमचे खापरपणजोबा भुकेपायीच गेले असणार, कबूल. पण ज्याला गावच्या पाणवठ्याला शिवू देत नाहीत त्याला कोणी शेजारी बसवून वाढलं तर तो ताटाकडे बघेल की वाढणाऱ्याकडे? दोन्हीकडे बघेल ना. पोट भरलेल्यालाच सत्य कळतं असा काही नियम आहे का तुमच्यात?

कायच्याकाय: नियम नाही. पण उपकाराखाली दबलेल्याला नाही म्हणता येत नाही, एवढंच म्हणणं आहे माझं.

शेवंता_ऑनलाइन: मंडळी, मूळ प्रश्न बाईंचा होता, तुम्ही कुठल्या कुठे गेलात 🙄 लक्ष्मीबाई नवऱ्यामागे लगेच गेल्याच नाहीत, जवळजवळ पाच वर्षं अडून राहिल्या, एकत्र राहायला लागल्यावरसुद्धा स्वयंपाक-पाणी वेगळं. मग जात देवाने केली का माणसाने, हे त्यांनी स्वतःशीच सोडवलं आणि ठरवलं की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. टिळकांना पुस्तक वाचून उजेड पडला, हिला पाण्याच्या तांब्याशी भांडून. मला बाईंचं जास्त पटतं, आणि मी तर देवबिव मानतच नाही.

उनाडपारवा: हे मान्य. तरी त्या पाच वर्षांचं रडणं कुणाच्या खात्यात?

नगरी_मिसळ: टिळकांच्याच, त्यात वाद नाही. त्यांचा संताप, लहरीपणा बाईंनीच लिहून ठेवलाय, तेही हसत हसत. पण हा माणूस मिशनमध्येही गप्प बसला नाही, १९१७ मध्ये तिथून बाहेर पडून "देवाचा दरबार" नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा.

कायच्याकाय: न घेतलेल्यांनाही? हे माहीत नव्हतं. यावर वेगळा धागा काढा राव, वाचेन. इथला माझा मुद्दा आहे तिथेच आहे.