मदत हवी आहे : शब्दांवरून बैजिक राशी आणि ती रेषीय की नाही

नमस्कार मंडळी, मुलगी आठवीत आहे. गणित मांडलेलं असलं की सोडवते, पण शब्दांतून राशी (क्ष, य अशी अक्षरं आणि संख्या वापरून केलेली मांडणी) लिहायची वेळ आली की गडबडते.

‘एका संख्येच्या दुपटीत ३ मिळवले’ याचं ती २क्ष + ३ बरोबर लिहिते. पण ‘एक संख्या आणि ३ यांच्या बेरजेची दुप्पट’ यालाही २क्ष + ३ च लिहिते, २(क्ष + ३) नाही. ‘यांच्या’ हा शब्द आला की कंस घालायचा, असं मी सांगितलं. बऱ्याचदा जमतं. ‘क्ष आणि ५ यांच्या गुणाकारात’ मात्र कंस लागतच नाही, तिथे ती पुन्हा अडते.

दुसरं, रेषीय ओळखणं. चलाचा (म्हणजे क्ष, य अशा अक्षराचा) घात १ असला की रेषीय, हे तिला पाठ आहे. म्हणून क्ष × य लाही ती रेषीय म्हणते, कारण दोन्हींचा घात १ दिसतो! घातांची बेरीज २ होते हे सांगितलं, पटलेलं दिसत नाही. क्ष/४ रेषीय आणि ४/क्ष नाही, इथेही तसंच.

खरी अडचण या वाक्याची : ‘एका संख्येची दुप्पट अधिक ३ चा वर्ग’. २क्ष + ९ घ्यायचं की (२क्ष + ३)²? पहिली रेषीय, दुसरी नाही. मला पहिलं बरोबर वाटतं. तुम्ही काय घ्याल?

शिकवणाऱ्यांपैकी कोणी क्ष × य चं कारण मुलांना पटेल असं कसं सांगता? आलेख काढून दाखवावा का?