मदत हवी आहे: १७७० ची वाफेची गाडी सारखी तोंडघशी पडते

नमस्कार मंडळी,

भाचीच्या शाळेत रविवारी विज्ञान प्रदर्शन आहे. 'पहिली मोटार' हा विषय तिने परस्पर नोंदवला आणि काम आलं मामाच्या गळ्यात. तिच्या सर्वांगसुंदर तक्त्यावर बेन्झची गाडी होती, १८८६ ची. मी उगाच म्हणालो, "अगं, त्याच्या शंभर वर्षं आधी फ्रान्समध्ये वाफेवर गाडी चालली होती." झालं, तक्ता रद्द. आता तीच गाडी हवी, तीही चालणारी.

ही गाडी निकोला-जोझेफ क्युन्यो या फ्रेंच लष्करी इंजिनिअरची. तोफा ओढायला घोडे लागू नयेत म्हणून केलेली. १७६९ ला लहान, १७७० ला मोठी. तीन चाकं: मागे दोन आणि घोडे जिथे जुंपायचे तिथे एक. त्या पुढच्या चाकाच्याही पुढे हंड्यासारखा बॉयलर लटकलेला. मूळ गाडी आजही पॅरिसच्या म्युझियममध्ये आहे, तिचे फोटो समोर ठेवून आम्ही काम करतोय.

आमचं साहित्य: लहान मुलांच्या सायकलचं बारा इंची चाक, प्लायवूडचा सांगाडा, बॉयलर म्हणून तेलाचा डबा. शाळेत विस्तवाला बंदी आहे, म्हणून पिस्टनच्या जागी ६० मिलीच्या दोन सिरिंज, नळीने जोडून हाताने दाबायच्या.

अडचणी:
१. अस्सल वाटावं म्हणून डब्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरलं, तर गाडी मागची दोन्ही चाकं उचलून नाक घासते. काल जेवणाच्या टेबलावरून खाली आली.
२. सिरिंजचा दांडा सरळ चाकाला जोडलाय. दाबला की चाक वीतभर पुढे, सोडला की तेवढंच मागे.
३. मूळ गाडी भिंतीवर आपटली, जगातला पहिला मोटार अपघात वगैरे लिहायचं का? भाचीला तेवढंच आवडलंय.

---

प्रतिसाद १

आधी डब्यातलं पाणी ओतून टाका. मग मागच्या सांगाड्यावर विटेचा तुकडा ठेवा. मूळ गाडीवर चार टन ओझं न्यायचं ठरलं होतं आणि ती स्वतः अडीच टनांची. तुमची रिकामी आहे, म्हणून लोळण घेते. अर्थात मूळ गाडीचाही तोल वाईटच होता. वळवताना चाकाबरोबर बॉयलर आणि इंजिन सगळंच फिरवावं लागे. चालकाच्या दंडांची कल्पना करा!

प्रतिसाद २

सायकलवाला आहे, दुसऱ्या अडचणीचं उत्तर देतो. दांडा चाकाला जोडू नका, फ्रीव्हीलला (सायकलच्या मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीला) जोडा. आतले कुत्रे, म्हणजे छोट्या खिट्या, एका दिशेला दात्यात अडकतात, दुसऱ्या दिशेला नुसते टकटक करत घसरतात. क्युन्योनेही हेच केलं होतं: दातेरी चाक आणि खिटी. एक पिस्टन खाली आला की चाक थोडं ढकलायचा, तोवर वरच्या आडव्या दांडीने दुसरा उचलला जायचा. तुम्हीही दोन सिरिंजमध्ये तशी डुलती दांडी घाला.

फक्त एक फ्रीव्हील डावीकडे आणि एक उजवीकडे लावू नका. डावीकडचं उलटं ओढेल. दोन्ही उजवीकडेच, वेल्डिंग करून. आणि नळीत हवा नको, पाणी भरा. हवा नुसती दबते.

प्रतिसाद ३

भिंतीची गोष्ट १७७१ ची म्हणून सांगतात, पण तिची जुन्यातली जुनी नोंद १८०१ ची. त्या काळच्या कागदांत ती नाही. 'असं सांगतात' एवढं लिहा.

खरी गोष्ट मला जास्त मजेची वाटते. ताशी पावणेआठ किलोमीटर जायचं ठरलं होतं, ते कधीच जमलं नाही, कारण बॉयलर कुचकामी. दर पाव तासाने थांबायचं, पुन्हा विस्तव पेटवायचा, वाफ धरायची वाट बघायची. सैन्याने नाद सोडला, तरी राजाने १७७२ मध्ये क्युन्योला वर्षाला ६०० लिव्र (त्या काळचं फ्रेंच चलन) पेन्शन दिली. आणि बेन्झचा तक्ता फाडला नसेल तर ठेवा. 'पहिली पेट्रोल मोटार' म्हटलं की तोही बरोबर.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. वीट ठेवली, नाक वर आलं. वेल्डिंगवाल्याने दोन फ्रीव्हील जोडून दिले, पैसे घेतले नाहीत, फक्त "चालली की व्हिडिओ पाठवा" म्हणाला. काल रात्री बैठकीच्या खोलीत सोफ्यापासून दारापर्यंत गेली, टकटक करत. वळवायला मात्र उचलूनच घ्यावी लागते.

भाचीने तक्त्यावर लिहिलंय: 'ही गाडी दर पंधरा मिनिटांनी विश्रांती घेईल.' प्रदर्शनात सिरिंज दाबून हात दुखले की ती तसं करणारच आहे.