शेवटचा दिवस पाण्याबाहेर ठेवा
पलाऊला (पॅसिफिकमधला बेटांचा देश) स्कूबा डायव्हिंगला जायचा तुमचा बेत वाचून फार आनंद झाला. पण शेवटच्या दिवशी सकाळी दोन डाइव्ह आणि संध्याकाळी पुण्याकडे परतीचं विमान, एवढं मात्र बदलाच. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास थांबायला सांगतात. मी पूर्ण दिवस ठेवते. कोरोर शहरात निवांत फिरा.

ब्लू कॉर्नर ही डाइव्हची जागा पहिल्याच दिवशी नको. तिथला प्रवाह जबरदस्त असतो. दोरीचा आकडा मेलेल्या खडकात अडकवायचा (जिवंत प्रवाळात कधीच नाही), डाइव्हच्या जॅकेटमध्ये थोडी हवा भरायची आणि पतंगासारखं तरंगत राहायचं. दोरी हातात थरथरत असते, मास्क गालावर दाबला जातो, आणि समोर शार्क अगदी आरामात फिरत असतात! आधी जर्मन चॅनलला जा, मांटा रे (पंखांसारखे कल्ले असलेले प्रचंड मासे) दिसायची शक्यता तिथेच चांगली.

ओपन वॉटर हा पहिला स्कूबा कोर्स केलेल्यांना १८ मीटर खोलीची मर्यादा असते, तेव्हा मायक्रोनेशियातल्या चूक (Chuuk) बेटांजवळची बुडालेली जपानी जहाजं पुढच्या खेपेला. तोवर इथे पोहण्याच्या तलावावर मास्क काढून परत घालायचा सराव करा, आठवड्यातून दोनदा तरी.

ऑक्सिबेन्झोन (प्रवाळाला घातक रसायन) असलेलं सनस्क्रीन नेऊ नका, पलाऊत २०२० पासून बंदी आहे. पासपोर्टवर तिथल्या मुलांना दिलेल्या, निसर्ग जपण्याच्या वचनाचा शिक्का मारतात, त्याखाली आपण सही करायची. सही करताना मला भरून आलं होतं.