प्रश्नमंजूषेतील प्रश्न क्रमांक १४ : जगात देश किती?

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. गणेशोत्सवातील प्रश्नमंजूषेच्या उत्तरपत्रिका तपासताना एका प्रश्नावर परीक्षकांचे एकमत होत नाही, म्हणून तो येथे मांडत आहे. ‘जगात एकूण देश किती?’ या प्रश्नाला काही मुलांनी १९३, काहींनी १९५ आणि एका मुलीने २०६ असे उत्तर दिले आहे. उत्तरसूचीत १९५ आहे. गुण कोणाला द्यावेत, याविषयी मत कळवावे. शुभेच्छांची चित्रे कृपया आजच्या दिवस पाठवू नयेत.

रानडेकाका (अ-१०२) : उत्तरसूचीप्रमाणेच गुण द्यावेत. संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य १९३, त्यांत व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन हे दोन निरीक्षक मिळवले की १९५ होतात. २०६ कोठून आले, हे त्या मुलीच्या पालकांनीच सांगावे.

वैद्यताई (ब-४०१) : काका, ते ऑलिंपिकमधून आले आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मान्यता दिलेल्या राष्ट्रीय समित्या २०६ आहेत. फुटबॉलच्या फिफाचे सदस्य तर २११ आहेत, कारण तेथे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार वेगळे संघ धरले जातात. चूक मुलांची नसून प्रश्नाची आहे, असे माझे मत आहे. मोजणारा कोण, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

रानडेकाका : संयुक्त राष्ट्रसंघापेक्षा अधिकृत मोजणारा आणखी कोण असणार?

वैद्यताई : थोडे सविस्तर लिहिते, कारण मुलेही हा ग्रुप वाचतात. स्वित्झर्लंड संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला तो २००२ मध्ये, तोही सार्वमत घेऊन. जिनिव्हात संघाचे मोठे कार्यालय असतानाही त्यापूर्वी तो सदस्य नव्हता. म्हणून २००१ पर्यंत स्वित्झर्लंड हा देशच नव्हता, असे कोणी म्हणेल का? याउलट, भारताने संघाच्या सनदेवर २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे सही केली, तेव्हा आपण स्वतंत्र नव्हतो. युक्रेन आणि बेलारूस सोव्हिएत संघाचे घटक असूनही पहिल्यापासून वेगळे सदस्य होते. सदस्यत्व मिळण्यासाठी आधी सुरक्षा परिषदेची शिफारस लागते, तेथे पाच कायम सदस्यांपैकी एकानेही नकाराधिकार वापरला तर अर्ज अडतो, आणि त्यानंतर आमसभेत दोन-तृतीयांश मते मिळवावी लागतात. त्यामुळे १९३ हा आकडा भूगोलाइतकाच राजकारणाचाही आहे. तैवानचेच पाहा. दोन कोटींहून अधिक लोकसंख्या, स्वतःचे सरकार, चलन आणि सैन्य असूनही १९७१ मध्ये ‘चीन’ म्हणून असलेली जागा बीजिंगच्या सरकारकडे गेल्यापासून ते संघाबाहेर आहे. आणि सुमारे अकरा हजार वस्तीचे तुवालू २००० पासून सदस्य आहे.

जोगळेकरकाका (क-२०३) : वर्तमानपत्रातही हीच गंमत दिसते. अर्थविषयक पानावर संगणकाच्या चिपा तैवानमधून येतात आणि क्रीडापानावर त्याच बेटाचे खेळाडू ‘चायनीज तैपेई’चे असतात. कोसोवोने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ज्युदोचे सुवर्णपदकही मिळवले. परंतु भारताने त्याला मान्यता दिलेली नाही आणि संयुक्त राष्ट्रसंघातही ते नाही. पॅलेस्टाईनला मात्र भारताने १९८८ मध्येच मान्यता दिली. म्हणजे दिल्लीची यादी वेगळी, लंडनची वेगळी.

रानडेकाका : मग देश ठरवण्याला काही नियमच नाही, असे म्हणायचे काय?

वैद्यताई : आहे ना. १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात चार कसोट्या दिल्या आहेत : कायमची लोकसंख्या, निश्चित प्रदेश, सरकार, आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. चौथी कसोटी आपल्या बडोद्यावरून चटकन समजते. गायकवाडांच्या राज्याला २१ तोफांची सलामी होती, स्वतःचे नाणे होते, स्वतःची रेल्वे होती (मियागाम ते डभोई ही नॅरोगेज १८६२ ची, सुरुवातीला तर बैल डबे ओढत), १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू झाले. प्रजा, प्रदेश आणि कारभार, तिन्ही चोख. परंतु परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती असल्यामुळे बडोदे संस्थानच राहिले आणि १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. अर्थात चारही कसोट्या पूर्ण केल्या तरी इतरांनी मान्यता द्यावीच, असे बंधन कोणावर नाही. सगळे घोडे अडते ते तेथेच.

सचिव : चर्चेबद्दल आभार. उत्तरपत्रिका पुन्हा पाहिल्या. २०६ लिहिणाऱ्या मुलीने शेजारी ‘ऑलिंपिकमधील’ असे लिहिले आहे. म्हणजे मोजणारा कोण, हे सांगणारी ती एकटीच आहे. समितीच्या मते तिन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यावेत आणि पुढील वर्षी प्रश्न ‘संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य देश किती आणि सर्वांत शेवटी कोण आले?’ असा विचारावा. (उत्तर : १९३, दक्षिण सुदान, १४ जुलै २०११. मुलांनी हे वाचले तरी हरकत नाही.)

रानडेकाका : मला मान्य आहे. फक्त या निर्णयाने पहिल्या क्रमांकावर तीन मुले येतात आणि चषक एकच आणलेला आहे, एवढे खजिनदारांनी लक्षात घ्यावे.

खजिनदार : उद्या सकाळी रावपुऱ्यात जाऊन आणखी दोन आणतो.